हृदयविकाराच्या झटक्यातील कार्डिओजेनिक शॉक : जगण्याचे प्रमाण आणि जोखीम घटक

प्रस्तावना

हृदयविकाराचा झटका येऊन वेळेवर रुग्णालयात पोहोचलेल्या रुग्णांपैकी बहुसंख्य रुग्ण आज उपचारांनंतर घरी परततात. गेल्या पन्नास-साठ वर्षांत हृदयरोगाचे अतिदक्षता कक्ष, रक्ताची गुठळी विरघळवणारी औषधे, अँजिओप्लास्टी व बायपास शस्त्रक्रिया यांमुळे हा बदल घडून आला. तथापि, या रुग्णांमध्ये एक लहानसा गट असा आहे की ज्याच्या वाट्याला या प्रगतीचा फायदा फार उशिरा आणि अपुरा आला. झटक्यामुळे हृदयाचे स्नायू इतके दुबळे होतात की शरीराला आवश्यक तेवढे रक्त पुरविणे हृदयाला शक्य होत नाही. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. मराठीत तिला ‘हृदयजन्य आघात’ असे म्हणता येईल. झटका आलेल्या दर शंभर रुग्णांपैकी साधारणतः पाच ते दहा रुग्णांना ही अवस्था गाठते आणि त्यांच्यापैकी जवळजवळ निम्मे रुग्ण आजही पहिल्या काही आठवड्यांतच दगावतात. रुग्णालयात पोहोचल्यानंतर झटक्याने होणाऱ्या मृत्यूंचे हेच सर्वांत मोठे कारण आहे.

शॉक आलेल्या रुग्णांच्या जगण्याचे प्रमाण काळानुसार कसे बदलले, हा बदल कोणत्या उपचाराने घडला आणि जगणे-मरणे ठरविणाऱ्या घटकांपैकी कोणते घटक माणसाच्या नियंत्रणात आहेत, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विषय वैद्यकीय असला तरी त्याचे आकलन संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि भूगोल यांच्या साहाय्यावाचून पूर्ण होत नाही, हे पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

कार्डिओजेनिक शॉक : संकल्पना व निदान

बोलीभाषेत ‘शॉक’ हा शब्द विजेच्या किंवा मानसिक धक्क्यासाठी वापरला जातो. वैद्यकीय अर्थ मात्र वेगळा आहे. शरीरातील पेशींना प्राणवायू व पोषण मिळण्याइतका रक्तप्रवाह न उरणे म्हणजे शॉक. अतिरक्तस्रावाने, तीव्र जंतुसंसर्गाने किंवा ॲलर्जीनेही शॉक येऊ शकतो. हृदय हा पंपच अपुरा पडल्यामुळे ही स्थिती उद्भवते, तेव्हा तिला कार्डिओजेनिक शॉक असे संबोधले जाते.

निदानासाठी सर्वसाधारणपणे पुढील निकष मानले जातात.

१) वरचा रक्तदाब किमान अर्धा तास ९० मिलिमीटरपेक्षा कमी राहणे, किंवा तो ९० वर टिकविण्यासाठी औषधांचा अथवा यंत्राचा आधार लागणे.

२) अवयवांना रक्त कमी पडत असल्याची लक्षणे दिसणे. उदाहरणार्थ, हातपाय थंड व घामेजलेले होणे, लघवीचे प्रमाण ताशी ३० मिलिलिटरपेक्षा कमी होणे, रुग्ण गोंधळलेला किंवा गुंगीत असणे, रक्तातील लॅक्टेटची पातळी वाढणे.

३) हृदयातून बाहेर पडणारे रक्त शरीराच्या प्रतिचौरस मीटर क्षेत्रफळामागे मिनिटाला २.२ लिटर किंवा त्याहून कमी असणे आणि त्याच वेळी फुप्फुसांकडील रक्तवाहिन्यांतील दाब वाढलेला असणे.

यातील दुसरा निकष विशेष महत्त्वाचा आहे. काही रुग्णांचा रक्तदाब सुरुवातीला ठीक दिसतो. परंतु हातपाय गार पडलेले असतात व लघवी कमी झालेली असते. केवळ रक्तदाबाच्या आकड्यावर विसंबल्यास अशा रुग्णांतील शॉक उशिरा लक्षात येतो. शॉक ही एकाएकी ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी गोष्ट नसून ती पायऱ्यापायऱ्यांनी वाढत जाणारी अवस्था आहे, हा विचार त्यामुळे पुढे आला. २०१९ मध्ये अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने शॉकच्या पाच पायऱ्या निश्चित केल्या. धोका संभवतो अशा स्थितीपासून सर्व उपाय निष्फळ ठरत आहेत अशा स्थितीपर्यंत हे वर्गीकरण जाते. २०२२ मध्ये त्यात सुधारणा करण्यात आली.

शॉक कसा उद्भवतो ?

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणारी धमनी गुठळीमुळे बंद झाली की त्या धमनीवर अवलंबून असलेला स्नायूंचा भाग प्राणवायूअभावी मरू लागतो. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शवविच्छेदनावर आधारित अभ्यासात असे आढळले, की शॉकने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या डाव्या जवनिकेचा सुमारे ४० टक्के किंवा त्याहून अधिक स्नायू निकामी झालेला होता. हा स्नायू एकाच झटक्यात जावा लागतो असे नाही. आधीच्या झटक्यात गेलेला भाग आणि नव्या झटक्यात गेलेला भाग यांची बेरीज होते. म्हणून पूर्वी झटका येऊन गेलेल्या व्यक्तीला दुसरा झटका तुलनेने लहान असला तरी शॉकचा धोका अधिक असतो.

यापुढची प्रक्रिया दुष्टचक्रासारखी आहे. पंप दुबळा झाल्याने रक्तदाब घटतो. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूंना रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधील विश्रांतीच्या काळात आणि त्या वेळच्या दाबावर अवलंबून. हा दाब घटला की स्नायूंचा पुरवठा आणखी कमी होतो व स्नायूंचा अधिक भाग निकामी होतो. दुसरीकडे, उपसले न गेलेले रक्त मागे तुंबून फुप्फुसांत पाणी साचते आणि रक्तातील प्राणवायू कमी होतो. शरीर रक्तदाब टिकविण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते; त्यामुळे दुबळ्या हृदयाला अधिक विरोधाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. काही तासांनी सर्व शरीरात दाहाची प्रतिक्रिया सुरू होऊन रक्तवाहिन्या सैलावतात व दाब पुन्हा कोसळतो. मूत्रपिंडे, यकृत आणि मेंदू यांवर याचा परिणाम होतो. हे चक्र जितका वेळ चालू राहील तितके ते उलटविणे कठीण होते.

अमेरिकेसह अनेक देशांतील रुग्णांच्या एका मोठ्या नोंदसंग्रहानुसार, झटक्यानंतरच्या शॉकपैकी सुमारे चार-पंचमांश प्रकरणांत डाव्या जवनिकेचे दौर्बल्य हे कारण होते. उर्वरित रुग्णांत द्विदल झडप अचानक निकामी होणे, दोन जवनिकांमधील पडदा फाटणे, हृदयाची बाह्य भिंत फाटणे किंवा प्रामुख्याने उजव्या जवनिकेला इजा होणे अशी कारणे होती. पडदा फाटलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण या सर्वांत अधिक, म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त होते.

जगण्याचे प्रमाण : १९६७ ते १९९७

या विषयातील पहिली पद्धतशीर आकडेवारी १९६७ मध्ये थॉमस किलिप आणि जॉन किम्बॉल यांनी न्यूयॉर्क येथून प्रसिद्ध केली. त्यांनी झटका आलेल्या २५० रुग्णांची केवळ शारीरिक तपासणीच्या आधारे चार श्रेणींत विभागणी केली. पहिल्या श्रेणीत हृदय दुबळे झाल्याचे कोणतेही चिन्ह नव्हते; तेथे मृत्यूचे प्रमाण ६ टक्के होते. दुसऱ्या श्रेणीत ते १७, तिसऱ्या श्रेणीत ३८ आणि शॉक असलेल्या चौथ्या श्रेणीत ८१ टक्के होते. स्टेथोस्कोप आणि रक्तदाबमापक एवढ्याच साधनांवर आधारलेली ही विभागणी आजही जगभर वापरली जाते.

त्यानंतरचा महत्त्वाचा आधार म्हणजे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर या शहराचा दीर्घकालीन अभ्यास. १९७५ ते १९९७ या कालखंडात तेथे ९,०७६ रुग्णांची नोंद अभ्यासण्यात आली. त्यांपैकी सरासरी ७.१ टक्के रुग्णांना शॉक आला. शॉक आलेल्यांपैकी ७१.७ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले. शॉक न आलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. या अभ्यासाचे वैशिष्ट्य असे की त्यात एखाद्या नामांकित रुग्णालयाचे निवडक रुग्ण नसून एका संपूर्ण नागरी परिसरातील रुग्ण होते. सुमारे दोन दशके मृत्यूचे प्रमाण फारसे हलले नाही; १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर ते घटू लागले.

या दोन दशकांत गुठळी विरघळवणारी औषधे वापरात आली होती. मग शॉकच्या रुग्णांना त्यांचा लाभ का झाला नाही, असा प्रश्न साहजिकच निर्माण होतो. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील विशाल चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज या औषधाने एकूण मृत्यू कमी झाले. परंतु चौथ्या श्रेणीतील रुग्णांत औषध दिलेल्या व न दिलेल्या दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ७० टक्केच राहिले. याचे एक कारण असे मानले जाते, की रक्तदाब अत्यंत कमी असताना औषध गुठळीपर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. म्हणजे ज्या रुग्णाला धमनी उघडण्याची सर्वाधिक गरज असते, त्याच रुग्णात औषधाने ती उघडण्याची शक्यता कमी असते.

निर्णायक टप्पा : १९९९ चा अभ्यास

अँजिओप्लास्टी किंवा बायपास शस्त्रक्रियेने धमनीतील अडथळा थेट दूर केल्यास शॉकचे रुग्ण वाचतात, असे १९८० च्या दशकापासून अनेक रुग्णालयांच्या अनुभवावरून वाटत होते. परंतु या अनुभवात एक उणीव होती. ज्या रुग्णाची प्रकृती तग धरून आहे, त्यालाच डॉक्टर शस्त्रक्रियेसाठी नेतात. जो मरणासन्न आहे त्याला नेत नाहीत. त्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्या गटात जगण्याचे प्रमाण अधिक दिसले, तरी ते शस्त्रक्रियेमुळे की रुग्णांच्या निवडीमुळे, हे सांगता येत नाही. संख्याशास्त्रात याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. तो टाळण्याचा मार्ग म्हणजे रुग्णांची दोन गटांत यादृच्छिक पद्धतीने विभागणी करणे.

ज्युडिथ हॉकमन यांच्या नेतृत्वाखाली १९९३ ते १९९८ या काळात अशी चाचणी घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण ३०२ रुग्णांपैकी १५२ जणांची धमनी तातडीने उघडण्याचे ठरले. १५० जणांना प्रथम औषधांनी स्थिर करण्याचे धोरण ठेवले गेले. निष्कर्ष पुढीलप्रमाणे होते.

१) ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण : तातडीच्या गटात ४६.७ टक्के, औषधांच्या गटात ५६ टक्के. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या सार्थ ठरला नाही.

२) ६ महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण : अनुक्रमे ५०.३ व ६३.१ टक्के. हा फरक सार्थ ठरला.

३) १ वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण : ४६.७ व ३३.६ टक्के.

४) ६ वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण : ३२.८ व १९.६ टक्के.

काटेकोर नियमाने पाहिल्यास ही चाचणी आपल्या मुख्य प्रश्नावर अनिर्णित राहिली, कारण तिचा मुख्य निकष ३० दिवसांतील मृत्यू हा होता. तथापि, फरक काळानुसार मिटला नाही; एक वर्षानंतर तो दर शंभर रुग्णांमागे तेरा जीव इतका होता आणि सहा वर्षांनंतरही तेवढाच टिकून राहिला. पहिल्या महिन्यात फरक सार्थ न ठरण्यामागे रुग्णसंख्येची मर्यादा हेही कारण होते. शॉकच्या रुग्णांवर चाचणी घेणे अत्यंत अवघड असते. ३०२ रुग्ण मिळविण्यास साडेपाच वर्षे लागली. एक वर्ष जगलेल्यांपैकी ८३ टक्के रुग्णांना दैनंदिन व्यवहारात अजिबात त्रास नव्हता किंवा अल्प त्रास होता, ही बाबही लक्षणीय आहे. शॉकमधून वाचलेला रुग्ण अंथरुणाला खिळूनच राहतो, ही समजूत त्यामुळे निराधार ठरते.

जोखीम घटक

जोखीम घटकांचा विचार करताना दोन वेगळे प्रश्न एकत्र करण्याची चूक अनेकदा होते. झटका आलेल्या कोणत्या रुग्णाला शॉक येण्याचा संभव अधिक, हा एक प्रश्न. आणि शॉक आल्यावर कोणता रुग्ण वाचण्याचा संभव कमी, हा दुसरा प्रश्न. यांत तिसऱ्याही एका प्रश्नाची भर घालावी लागते. तो म्हणजे उपचारामुळेच निर्माण होणाऱ्या जोखमीचा.

अ) शॉक येण्याचे घटक : वाढते वय, झटक्याचे स्थान हृदयाच्या पुढील भिंतीवर असणे, पूर्वीचा झटका, मधुमेह आणि एकाहून अधिक धमन्यांत अडथळे असणे हे प्रमुख घटक होत. १९९० च्या दशकात ४१,०२१ रुग्णांवर झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ७.२ टक्के रुग्णांना शॉक आला. त्या माहितीच्या विश्लेषणातून वय, दाखल होतानाचा रक्तदाब, नाडीचा वेग आणि किलिप श्रेणी हे चार घटक सर्वाधिक सूचक ठरले. वयात दर दहा वर्षांच्या वाढीमागे शॉकची जोखीम ४७ टक्क्यांनी वाढत होती. याच चाचणीत आणखी एक गोष्ट आढळली. शॉक आलेल्यांपैकी केवळ ११ टक्के रुग्ण शॉकच्या अवस्थेत रुग्णालयात आले होते. उरलेल्या ८९ टक्के रुग्णांना तो दाखल झाल्यानंतर आला. याचा अर्थ बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत शॉकपूर्वी काही काळ हाती असतो.

ब) शॉकमधून न वाचण्याचे घटक : २०१७ मध्ये जर्मन संशोधकांनी सहा घटकांवर आधारलेली गुणपद्धती मांडली. ७३ पेक्षा अधिक वय, रक्तशर्करा १९१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असणे आणि क्रिएटिनिन १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असणे यांना प्रत्येकी एक गुण. तर पूर्वीचा पक्षाघात, लॅक्टेट ५ पेक्षा जास्त असणे आणि अँजिओप्लास्टीनंतरही धमनीत पूर्ण प्रवाह सुरू न होणे यांना प्रत्येकी दोन गुण. दोनपर्यंत गुण असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांश, तीन-चार गुणांना सुमारे निम्मे आणि पाच किंवा अधिक गुणांना तीन-चतुर्थांश आढळले. यांपैकी वय व जुना पक्षाघात बदलता येत नाहीत. लॅक्टेट आणि क्रिएटिनिन यांची वाढ मात्र बऱ्याच अंशी शॉक किती काळ चालू आहे याचे मोजमाप आहे. म्हणजे ज्यांना रुग्णाचे गुणधर्म मानले जाते, त्यांतील काही प्रत्यक्षात गेलेल्या वेळेच्या खुणा आहेत.

क) उपचारजन्य घटक : २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील ४५,८५२ रुग्णांच्या चाचणीत झटक्यानंतर लगेच शिरेतून मेटोप्रोलॉल हे औषध देण्याचा परिणाम तपासण्यात आला. दर हजार रुग्णांमागे पुन्हा झटका येण्याची पाच आणि जीवघेण्या अनियमित ठोक्यांची पाच प्रकरणे टळली. परंतु शॉकची अकरा प्रकरणे वाढली. म्हणून रक्तदाब कमी असलेल्या किंवा शॉकच्या उंबरठ्यावरील रुग्णात हे औषध लगेच दिले जात नाही. जिभेखाली ठेवावयाच्या नायट्रेटच्या गोळीबाबतही अशीच दक्षता आवश्यक आहे. छातीत दुखू लागताच ही गोळी देण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. परंतु रक्तदाब आधीच घटलेला असल्यास किंवा उजव्या जवनिकेला इजा झालेली असल्यास तिच्यामुळे दाब आणखी कोसळू शकतो.

औषधे व यंत्रे : अपेक्षा आणि पुरावा

पंप दुबळा झाला असेल तर त्याला औषधाने चालना द्यावी किंवा यंत्राचा आधार द्यावा, हा विचार तर्कशुद्ध वाटतो. प्रत्यक्ष पुरावा मात्र संमिश्र आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तदाब वाढविणाऱ्या डोपामिन व नॉरॲड्रेनॅलिन या औषधांची तुलना झाली. तीत डोपामिनच्या गटात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण २४.१ टक्के, तर दुसऱ्या गटात १२.४ टक्के होते. कार्डिओजेनिक शॉकच्या उपगटात डोपामिनमुळे मृत्यूही अधिक आढळले. त्यानंतर नॉरॲड्रेनॅलिनला प्राधान्य मिळाले. दाहामुळे सैलावणाऱ्या रक्तवाहिन्यांवर उपाय म्हणून तपासलेल्या टिलार्जिनिन या औषधाचा २००७ च्या चाचणीत उपयोग दिसला नाही.

महाधमनीत फुगा बसवून हृदयाला आधार देणारे यंत्र १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात होते आणि मार्गदर्शक सूचनांत त्याची जोरदार शिफारस होती. ही शिफारस बहुतांशी नोंदींवर आधारलेली होती. २०१२ मध्ये होल्गर थीले व सहकाऱ्यांनी जर्मनीतील ६०० रुग्णांवरील यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध केली. ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण फुग्यासह ३९.७ टक्के व फुग्याविना ४१.३ टक्के, म्हणजे जवळजवळ समान निघाले. सहा वर्षांच्या पाठपुराव्यातही फरक दिसला नाही. परिणामी युरोपात या यंत्राच्या सरसकट वापराची शिफारस मागे घेण्यात आली.

२०१७ च्या चाचणीने आणखी एक समज बदलला. शॉकच्या रुग्णांत बहुधा अनेक धमन्यांत अडथळे असतात. ते सर्व एकाच वेळी दूर करावेत असे मानले जात होते. प्रत्यक्षात केवळ झटक्याला कारणीभूत धमनी उघडलेल्या गटात ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ४३.३ टक्के, तर सर्व अडथळे तत्काळ दूर केलेल्या गटात ५१.६ टक्के होते.

शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळणाऱ्या यंत्राच्या सरसकट वापराची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. मृत्यूचे प्रमाण ४७.८ व ४९ टक्के असे जवळजवळ समान राहिले. यंत्राच्या गटात गंभीर रक्तस्राव मात्र दुपटीहून अधिक होता. २०२४ मध्ये डेन्मार्क, जर्मनी व ब्रिटनमधील ३५५ रुग्णांच्या चाचणीने प्रथमच यंत्राला अनुकूल निष्कर्ष दिला. डाव्या जवनिकेत बसविलेल्या सूक्ष्म पंपामुळे १८० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ५८.५ टक्क्यांवरून ४५.८ टक्क्यांवर आले. तथापि, हृदयक्रिया बंद पडून बेशुद्धावस्थेत राहिलेले रुग्ण या चाचणीतून वगळले होते आणि पंपाच्या गटात गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण २४ टक्के, तर दुसऱ्या गटात ६.२ टक्के होते. निवडक रुग्णांपुरताच हा लाभ मानावा लागतो.

येथे आकड्यांच्या तुलनेबाबत सावधगिरी आवश्यक आहे. २०१२ मध्ये मृत्यूचे प्रमाण ४० टक्के आणि २०२३ मध्ये ४८ टक्के दिसते, म्हणून उपचार ढासळले असे म्हणता येत नाही. नंतरच्या चाचणीतील तीन-चतुर्थांशांहून अधिक रुग्णांची हृदयक्रिया आधीच एकदा बंद पडून पुन्हा सुरू करण्यात आलेली होती. कोणते रुग्ण मोजले गेले हे पाहिल्याशिवाय दोन अभ्यासांतील टक्केवारी शेजारी ठेवणे दिशाभूल करणारे ठरते. वूस्टरचे ७१.७ टक्के आणि चाचण्यांतील ४० ते ५० टक्के यांनाही हीच मर्यादा लागू आहे.

वेळ हा घटक : भारतीय संदर्भ

वरील सर्व पुराव्यांतून एक सूत्र निघते. जगण्याच्या प्रमाणातील सर्वांत भरीव वाढ झटक्याला कारणीभूत धमनी लवकर उघडण्याने झाली. येथे ‘लवकर’ या शब्दाचे मोल २०१८ मध्ये जर्मनीतील १२,६७५ रुग्णांच्या अभ्यासाने मोजून दाखविले. पहिल्या वैद्यकीय संपर्कानंतरच्या एक ते तीन तासांच्या अवधीत अँजिओप्लास्टीस होणाऱ्या दर दहा मिनिटांच्या विलंबामागे शॉकच्या शंभर रुग्णांत ३.३१ जादा मृत्यू आढळले. शॉक नसलेल्या व हृदयक्रिया बंद न पडलेल्या रुग्णांत हाच आकडा ०.३४ होता. म्हणजे शॉकच्या रुग्णासाठी दहा मिनिटांची किंमत इतरांच्या तुलनेत जवळजवळ दहापट आहे.

या पार्श्वभूमीवर भारतातील स्थिती पाहणे उद्बोधक ठरेल. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी नोंदीत ५० शहरांतील ८९ केंद्रांमधील २०,४६८ रुग्णांचा समावेश होता. त्यांचे सरासरी वय ५७.५ वर्षे होते. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक कालावधी ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास होता. १९९९ च्या चाचणीत झटका सुरू झाल्यापासून शॉक येईपर्यंतचा मध्यक कालावधी सुमारे साडेपाच तास होता. दोन्ही अभ्यासांतील रुग्ण भिन्न असल्याने या आकड्यांची थेट वजाबाकी करता येणार नाही. तरीही शॉक टाळण्यासाठी हाती असणारा काळ आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर रुग्णालयाबाहेरच संपत होता, हा निष्कर्ष टाळता येत नाही. त्याच नोंदीत गरीब रुग्णांतील ३० दिवसांच्या मृत्यूचे प्रमाण ८.२ टक्के आणि श्रीमंतांतील ५.५ टक्के आढळले. गरिबांना परिणामकारक उपचार कमी मिळत होते, हे त्यामागील प्रमुख कारण होते.

हा विलंब एकाच ठिकाणी होत नाही. छातीतील जळजळ ‘पित्त’ समजून घरगुती उपाय करण्यात काही वेळ जातो. मधुमेही व वृद्ध रुग्णांत छातीत दुखण्याऐवजी केवळ दम लागणे, घाम येणे किंवा गळून जाणे एवढेच जाणवते. ईसीजीची सोय नसलेल्या पहिल्या दवाखान्यात, तेथून अँजिओप्लास्टीची सोय नसलेल्या रुग्णालयात आणि शेवटी मोठ्या शहरात अशी भ्रमंती होते. प्रत्येक टप्प्यावर वाहन व पैसा यांची जुळवाजुळव करावी लागते.

विलंब कमी करण्याचे प्रयोग आपल्या देशात झाले आहेत. तमिळनाडूत लहान रुग्णालये व अँजिओप्लास्टीची सोय असलेली केंद्रे यांना रुग्णवाहिकांनी जोडणारी साखळी उभारण्यात आली. लहान रुग्णालयात ईसीजी काढून गुठळी विरघळवणारे औषध द्यावयाचे आणि रुग्णाला लगेच मुख्य केंद्राकडे पाठवावयाचे, अशी ही पद्धत आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,४२० रुग्णांच्या अभ्यासात एक वर्षातील मृत्यूचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आल्याचे आढळले. गोव्यात गोवा वैद्यकीय महाविद्यालयाशी प्राथमिक आरोग्य केंद्रे व जिल्हा रुग्णालये जोडून याच धर्तीची योजना राबविण्यात आली. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. शॉकचा रुग्ण मात्र थेट अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या केंद्रातच नेणे श्रेयस्कर असते, कारण त्याच्या बाबतीत औषधाचा भरवसा कमी असतो. रुग्णवाहिकेतच नाडी, रक्तदाब आणि हातापायांचा गारवा पाहून असा रुग्ण ओळखता येणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) कार्डिओजेनिक शॉकमधील मृत्यूचे प्रमाण १९६० च्या दशकातील सुमारे ८० टक्क्यांवरून अलीकडील चाचण्यांत ४० ते ५० टक्क्यांपर्यंत आले आहे. रुग्णांच्या निवडीतील फरक लक्षात घेऊनही ही घट खरी आहे.

२) या घटीमागील सर्वांत भक्कम आधार असलेला उपाय म्हणजे झटक्याला कारणीभूत धमनी तातडीने उघडणे. आधार देणाऱ्या यंत्रांपैकी एकाचाच लाभ आणि तोही निवडक रुग्णांत सिद्ध झाला आहे.

३) वय, झटक्याचे स्थान व जुने आजार हे घटक झटक्याच्या क्षणी बदलता येत नाहीत. विलंब, शॉकची उशिरा होणारी ओळख आणि अयोग्य वेळी दिलेली औषधे हे घटक मात्र बदलता येण्याजोगे आहेत.

४) तर्काला पटणारे आणि अनुभवाने मान्य झालेले उपचारही यादृच्छिक चाचणीत निष्प्रभ ठरू शकतात. महाधमनीतील फुग्याचे उदाहरण सर्वच ज्ञानशाखांतील संशोधकांनी विचारात घ्यावे असे आहे.

५) भारतात विलंबाचा मोठा भाग रुग्णालयाच्या दाराबाहेर घडतो. लक्षणांची जाण, पहिल्याच दवाखान्यात ईसीजीची सोय, योग्य केंद्राकडे थेट वाहतूक आणि उपचाराच्या खर्चाची हमी या चार बाबींत सुधारणा झाल्यास शॉक येण्यापूर्वीच अनेक रुग्णांची धमनी उघडता येईल. शॉकवरील उपचारांपेक्षा शॉक टाळण्याचा हा मार्ग अधिक परिणामकारक असून, त्यासाठी आरोग्यसेवेइतकीच शिक्षणसंस्था, स्थानिक प्रशासन आणि परिवहन व्यवस्था यांची जबाबदारी आहे.